फक्त लक्षण सांगा

"पोरगी बोलत न्हाय आणि गाडी पळत न्हाय. दोन्ही एकाच घरात कशी गावली म्हणायची?"

गॅरेजच्या बाकावर बसलेला एक माणूस शेजारच्याला हे हळू आवाजात सांगत होता. कोल्हापुरातला हळू आवाज म्हणजे रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाईल इतका. मी गाडीतच बसले होते, काच अर्धी खाली. ऐकलं नाही असा चेहरा करायचा मला चांगला सराव आहे.

बाहेर माझे काका उघड्या बोनेटला हात लावून उभे होते आणि गॅरेजवाल्या चाचांना सगळं समजावून सांगत होते. "पंप गेलाय, चाचा. टाकीतला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मागच्या महिन्यात नवा टाकला, तो पण गेला. आता म्हणत्यात इंजेक्टर बघायला पाहिजेत. ते काय नको. तुम्ही फक्त नीट चालेल एवढं करून द्या. रविवारी गिऱ्हाईक येतंय."

चाचा चिंधीला हात पुसत ऐकत होते. एकेक बोट स्वतंत्र पुसायची त्यांची पद्धत होती. दहावं बोट पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

"पुतणी. ही काय, आत बसलीय."

"मग तुमी का बोलताय?"

काकांना असं कुणी विचारत नाही. तोवर चाचा माझ्या खिडकीशी येऊन वाकले. पांढरी दाढी, कपाळावर काळ्या ग्रीसचं बोट उमटलेलं. "काय हुतंय, पोरी?"

"बंद पडते," मी म्हणाले.

"कवा?"

मी काकांकडे बघितलं. काका लगेच म्हणाले, "चढाला. वाघबीळला तर हमखास..."

"पावणं, तुमाला न्हाय इचारलं."

बाकावरचे दोघेही आता माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. गाडी कधी, कुठे, किती मिनिटांनी बंद पडते हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात त्याची अख्खी वही होती. पण चार पुरुष बघत असताना माझ्या तोंडातले शब्द आधी इंग्रजीत होतात, मग अर्धवट मराठीत, आणि मग काहीच उरत नाही. चाचा थांबले. खरंच थांबले. बाकी लोक थांबतात तेव्हा पुढचं वाक्य तयार करत असतात. मग त्यांनी बोनेट खाली पाडलं.

"घिऊन जावा. ही बोलंल तवा बघू."

"अहो चाचा, डॉक्टर तरी असं करतो का?"

"डॉक्टर पेशंटलाच इचारतोय. चुलत्याला न्हाय."

उद्यमनगरातल्या एका बोळात, लाकडी साचे करणाऱ्या एका कारखान्याला लागून चाचांचं गॅरेज होतं. पाटी नव्हती. पेट्रोलवर चालणाऱ्या, इंजेक्शन सिस्टीमच्या जुन्या गाड्या तेवढ्या ते घेत. डिझेल नाही, नवीन नाही. पंधरा-वीस वर्षांची गाडी, दोन-तीन ठिकाणी फिरून आलेली, मालकाने आशा सोडलेली, अशी गाडी दिसली की त्यांचा चेहरा उजळायचा. आणि मालक "चाचा, पंप बदला" असं म्हणत आला की तो तेवढाच पडायचा. "रोग सांगू नका, लक्षण सांगा," हे ते दिवसातून दहा वेळा म्हणत. जो आग्रह करी, त्याला ते आपल्या स्टुलावर बसवत, पाना त्याच्या हातात देत आणि म्हणत, "तुमाला म्हाईत हाय तर करा. मी चा पिऊन येतो." आणि खरोखर निघून जात. पाना हातात धरून बसलेली अशी माणसं मी नंतर दोन-तीनदा पाहिली. त्यांची मला दया आली नाही.

किल्ली फिरवली की टाकीतला पंप दोन सेकंद गुणगुणतो. पुढे इंजिन चालू झालं की तो आवाज बुडून जातो. चाचांना ते दोन सेकंद स्वच्छ हवे असत. शेजारच्या कारखान्यात रंधा चालू असायचा, पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत असायचं. चाचा बोळात येऊन नुसता हात वर करत. रंधा थांबायचा. हातोडा थांबायचा. रस्त्याने जाणारी एखादी मोटारसायकलसुद्धा थांबायची, कारण बाकी सगळे थांबलेत म्हणजे काहीतरी असणार. मग चाचा गाडीच्या मागच्या सीटवर, जिच्याखाली टाकी असते तिथे, गाल टेकवून, डोळे मिटून म्हणत, "फिरव." दोन सेकंद. मग पुन्हा हात वर आणि बोळ पुन्हा कामाला लागायचा. यावर कुणी कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. इतक्या मोठ्या आवाजाच्या गावात एक माणूस फक्त हात वर करून सगळ्यांना गप्प करत होता, हे मला फार आवडायचं.

मागच्या भिंतीला एक लाकडी फळी होती. तिच्यावर खडूने लिहिलेलं: निर्दोष. तीन-चार पंप, इंजेक्टरचा एक पूर्ण संच, कसलेकसले सेन्सर, एका गाडीचा अख्खा कॉम्प्युटर. दुसऱ्या गॅरेजांनी खराब ठरवून काढलेले हे भाग लोक डिकीत घेऊन फिरत, आणि चाचा ते मागून घेत. सवडीने बॅटरी लावून तपासत. चांगला निघाला की फळीवर. "ह्येनं काय केलतं?" एखादा पंप हातात तोलत ते म्हणत. "न्हाई साक्ष, न्हाई पुरावा. गाडी बंद पडली, धरा ह्येला."

स्कॅनर त्यांच्याकडे होता. मुलीने आणून दिलेला. जुन्या सतरंजीच्या तुकड्याची पिशवी शिवून त्यात ठेवलेला असायचा आणि सगळ्यात शेवटी बाहेर यायचा. मशीनचं आधी ऐकलं की माणूस स्वतः ऐकायचं बंद करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मशीनशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यांचं भांडण घाई करणाऱ्यांशी होतं.

एकदा बिद्रीकडचे एक कंत्राटदार बायकोची गाडी घेऊन आले. साठच्या पुढे वेगच घेत नव्हती. फिल्टर, इंजेक्टर, कॉइल, सगळ्यांची नावं त्यांनी घेतली.

"वहिनी कुठायत?" चाचांनी विचारलं.

"घरी."

"फोन लावा. मोठ्यानं लावा."

फोनवरून आधी कुकरची शिट्टी आली, मग वहिनींचा आवाज. "सोमवारपासनं हुतंय. त्येच्या आदल्या दिवशी हे गाडी घिऊन शेताकडं गेलते. आल्यावर धुतली. वरनं धुतली, खालनं पण धुतली. हे कधी सोताचा कप धूत न्हाईत, म्हणून ध्यानात ऱ्हायलं."

बाकावरची माणसं छताकडे बघू लागली. चाचा गाडीखाली गेले आणि मिनिटात बाहेर आले. बांधावरच्या दगडाने पेट्रोलची नळी चेपली होती. त्यांनी फोनलाच सांगितलं, "वहिनी, झालं तुमचं काम." मग कंत्राटदारांकडे वळून म्हणाले, "लक्षण तुमच्याकडं न्हवतंच. घरात हुतं."

आता माझं सांगते. मलकापूरला माती आणि पाणी तपासणारी एक छोटी प्रयोगशाळा आहे. तिथे माझी पहिली नोकरी. नमुने आणायला आठवड्यातून दोन दिवस शेतांवर जावं लागतं, त्यामुळे स्वतःचं वाहन हवं ही अटच होती. एस.टी. मलकापूरपर्यंत जाते, बांधापर्यंत येत नाही. बाबांनी आपली गाडी मला दिली. अठरा वर्षं त्यांनी ती वापरलेली, पाटबंधारे खात्यातल्या आपल्या नोकरीइतकीच निगुतीने. दोन महिन्यांत ती तेरा वेळा बंद पडली. तिसऱ्यांदा आई रडली. आठव्यांदा काकांनी राजारामपुरीत एका मित्राच्या ऑफिसात माझ्यासाठी जागा बघितली, घरापासून पाच मिनिटांवर. तेराव्यांदा गिऱ्हाईक ठरलं. रविवारी गाडी द्यायची आणि एक तारखेपासून मी राजारामपुरीत जायचं. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं, आणि मी गप्प राहिले. माझं गप्प राहणं म्हणजे होकार, हा आमच्या घरातला जुना नियम आहे. शाळेत बाई रिपोर्टमध्ये लिहायच्या, शांत आणि समजूतदार. त्या दोन शब्दांनी माझं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि एकटीच चाचांकडे गेले. बाक रिकामा होता. मी वही उघडली आणि वाचायला लागले, "इंटरमिटंट स्टॉलिंग अंडर लोड..."

"गाडी इंग्लिशमधी बंद पडतीया?"

"नाही."

"मग मराठीत सांग. आणि वहीकडं न्हाय, माझ्याकडं बघून सांग."

मी सांगितलं. घरातून निघाल्यावर पंचवीस ते तीस मिनिटांनी. आधी ॲक्सिलरेटर दाबला तरी ओढ कमी होते, मग दोन-तीन आचके, मग बंद. जवळजवळ नेहमी वाघबीळच्या चढाला. अर्धा तास थांबलं की चालू होते. इंजिन तापत नाही, काटा बघितलाय. चाचा मध्ये एकदाही बोलले नाहीत. आणि मग मी ते सांगितलं जे मला स्वतःलाच फार महत्त्वाचं वाटत नव्हतं.

"ज्या दिवशी केर्लीला पेट्रोल भरलं, त्या दिवशी बंद पडली नाही."

"किती डाव?"

"चार. चारही वेळा नाही."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "टाकीचं झाकण उघडताना काय हुतंय?"

"आवाज येतो. कुणीतरी तोंडाने हवा आत ओढावी तसा. लांब."

"सर्व्हिस सेंटरला सांगितलं न्हाईस?"

"त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या फॉर्मवर तेवढी जागा नव्हती."

चाचा हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पेट्रोलचा दाब दाखवणारं एक गेज त्यांनी इंजिनाच्या नळीला जोडलं, त्याची रबरी नळी बोनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि गेज समोरच्या काचेवर बाहेरून चिकटपट्टीने बसवलं. पेट्रोल गाडीच्या आत आणायचं नाही, मग काहीही होवो. "चल. नेहमी जातीस तशी चालव. माझ्यासाठी सावकाश नको."

केर्लीपर्यंत काटा तीनवर खिळ्यासारखा उभा होता. वाघबीळच्या अलीकडे तो थरथरायला लागला. चढाला लागलो आणि तो उतरू लागला, अडीच, दोन, त्याच्याही खाली. गाडीने आचका दिला.

"पडू दे बंद. कडंला घे."

मागून ट्रकने हॉर्न दिला. दर वेळी त्या हॉर्नने मी घाईघाईत किल्ली फिरवत सुटायचे. त्या दिवशी चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि ट्रकवाल्याला म्हणाले, "जा की बाजूनं. रस्ता काय तुझ्या एकट्याचा हाय?" आणि ट्रक बाजूने गेला.

चाचा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मला म्हणाले, "झाकण उघड." मी टाकीच्या झाकणाला किल्ली लावली. हवा आत शिरायचा तो आवाज किती तरी वेळ येत राहिला. तो थांबल्यावर त्यांनी गाडीची किल्ली फिरवली. काटा सरळ तीनवर.

"पंप मरमर वढतोय आणि टाकीत हवाच शिरंना. बाटलीला तोंड लावून पाणी वढून बघ. बाटली चेपती का न्हाय? आता ह्यात पंपाचा काय गुन्हा?"

मला वाटलं झालं. पण त्यांनी झाकण सैल ठेवून बोरपाडळ्यापर्यंत जायला लावलं आणि परत. काटा हलला नाही. मग झाकण घट्ट लावून पुन्हा तेवढंच. काटा पडला. "एकदा झालं तर योगायोग म्हणत्यात लोक. लोकांना म्हणायला जागा ठिवायची न्हाय."

गॅरेजात गाडी उचलल्यावर बाकीचं दिसलं. टाकीला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. पावसात पत्रा गंजू नये म्हणून गाडीच्या पोटाला जो काळा जाड लेप देतात, तो त्या नळीच्या तोंडावरही बसला होता. आणि झाकण. मूळच्या झाकणाला हवा आत घेणारी बारकी झडप असते. हे बाजारातलं कुलपाचं झाकण, त्याला ती नव्हतीच. नुसत्या झाकणाने काही झालं नसतं, नुसत्या लेपानेही नाही. दोन्ही एकाच महिन्यात आली.

"झाकण कुणी बदललं?" चाचांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मला माहीत होतं. आमच्या गल्लीत गाड्यांमधून पेट्रोल चोरीला जात होतं, म्हणून बाबा स्वतः जाऊन कुलपाचं झाकण घेऊन आले होते. मलकापूरकडे पाऊस फार, म्हणून त्यांनी लेप देऊन घेतला होता. तोही मला नोकरी लागली त्याच आठवड्यात. लेप देणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून त्यांनी दोन हात जास्त मारायला लावले होते. माझ्या लेकीला कुठे अडचण यायला नको म्हणून.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "माहीत न्हाय, असं लक्षण नसतंय. बरं. तुझ्या घरातलं हाय, तुझं तू बघ. पण सांगितलं न्हाईस तर फुडच्या पावसाळ्याआधी पुन्ना त्योच लेप बसंल, आणि तू पुन्ना हितं येशील." त्यांनी नळी साफ केली, जुन्या झाकणांच्या डब्यातून एक झडपवालं झाकण काढून बसवलं. "आईतवारी सगळ्यांना हितंच बलीव. पर मी तोंड उघडणार न्हाय, सांगून ठिवतो."

ते गॅरेज आता नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यावर चाचा मिरजेला मुलीकडे राहायला गेले, आणि त्या जागी गाड्या धुण्याचं केंद्र आलंय. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा फोन येतो. माझी चौकशी एका वाक्यात संपते. मग म्हणतात, फोन मागच्या सीटवर ठेव आणि किल्ली फिरव. मी ठेवते. एकदा म्हणाले, "रस्त्यावर कोण बोलतंय? त्येला गप कर." मी खिडकीतून त्या माणसाला गप्प केलं.

तर रविवार. काका गिऱ्हाइकाला घेऊन वेळेच्या आधीच आले. इचलकरंजीकडचा माणूस, खिशाला दोन पेनं. बाबा बोळाच्या तोंडाशी उभे राहिले, गाडीपासून लांब. विकायची वस्तू जवळून बघवत नाही असे ते आहेत. गिऱ्हाइकाने गाडी चालू केली, चक्कर मारून आला, खूष होता.

"बघा," काका म्हणाले, "चाचांचा हात लागला की काम फत्ते. काय होतं ओ चाचा शेवटी?"

चाचा स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही. मी वाट बघितली. दोष त्यांनी शोधला होता, दोन वाक्यांत ते सांगू शकले असते, आणि त्यांनी सांगितलं असतं तर सगळ्यांनी ऐकलं असतं. ते चहा पीत राहिले. मला त्यांचा इतका राग आला की त्या रागातच मी बोलायला सुरुवात केली.

"बाबा, झाकण होतं. कुलपाचं. त्यातून टाकीत हवा जात नव्हती. आणि हवेची नळी खालच्या लेपाने बुजली होती."

बाबा जवळ आले. "झाकण मी आणलेलं."

"हो."

"लेपही मीच..."

"हो, बाबा."

"चोऱ्या होत होत्या म्हणून," ते म्हणाले. मग, "पंप बदलायची गरज नव्हती म्हणजे."

"नव्हती."

"मग गुरुवारीच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

बाबा वाकून टाकीच्या बदललेल्या झाकणाकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, दिसत होतं. मी ते शब्द परत घेतले नाहीत.

काका हसले. "म्हणजे रोग घरातच होता. जाऊ दे, आता काय त्याचं. गाडी नीट झाली, चांगल्या घरी जाईल." मग बाबांना म्हणाले, "एक तारखेला हिला राजारामपुरीत सोडायला मीच जाईन." बाबांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. गिऱ्हाइकाने माझ्याकडे बघून विचारलं, "ताईंची काय हरकत नाही न्हवं?"

"तिचं काय असतंय," काका म्हणाले. "ती काय बोलत नसते."

गिऱ्हाइकाने किल्ली आपल्या जुडग्यात अडकवायला घेतली. बोळात रंधा चालू होता, पलीकडे पत्रा वाजत होता, आणि हात वर करून ते थांबवणारं कुणी नव्हतं. मला ओरडावं लागलं.

"पावणं, किल्ली हिकडं द्या. गाडी विकायची न्हाय. उद्या सकाळी आठला मला मलकापूरला कामावर जायचंय."